ॲलर्जीचा दमा असलेल्या मुलीसाठी कोकणातल्या घरात कोणती फरशी घालावी?

पागोळी

नमस्कार मंडळी. देवरुखजवळ आमचं सासरचं जुनं चिऱ्याचं घर आहे. सासू-सासरे तिथेच असतात आणि पुढच्या जूनपासून आम्हीही पुणं सोडून कायमचे तिकडे जातोय. ओटीवर शहाबादी आहे, माजघरात अजून शेणाने सारवलेली जमीन आहे आणि मागच्या दोन खोल्यांत जुना कोबा आहे, तोही जागोजागी फुटलाय. सगळीकडे नवी फरशी घालायची हे नक्की. कोणती, यावरून घरात चार मतं आहेत.

लेक तिसरीत आहे. तिला ॲलर्जीचा दमा आहे. त्वचेवरच्या चाचणीत धुळीतले माइट्स (डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव) आणि झुरळं या दोन्हींना जोरदार प्रतिक्रिया आली, बुरशीलाही थोडी. पावसाळ्यात गावी गेलो की रात्री खोकला सुरू होतो आणि पंप जास्त वेळा लागतो.

इंटिरियरवाल्यांनी झोपायच्या खोल्यांना लाकडी लॅमिनेट सुचवलंय. पायाला गार लागत नाही आणि दिसतंही छान. सासरे म्हणतात कोटा दगड. नवऱ्याला मोठ्या व्हिट्रिफाइड (भट्टीत काचेसारख्या घट्ट भाजलेल्या) टाइल्स हव्यात. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांचं एकच म्हणणं, घसरायला नको. मला दिसण्याशी घेणंदेणं नाही, मुलीला श्वास नीट घेता आला पाहिजे. तळमजल्याचं घर आहे, जोतं फार उंच नाही. कोकणात राहणाऱ्यांनी आणि घरात दम्याचा पेशंट असणाऱ्यांनी जरूर लिहा.

जांभाचिरा

लॅमिनेट अजिबात नको. वरचा थर लाकडासारखा दिसणाऱ्या छापील कागदाचा आणि आत लाकडाचा भुसा गोंदात दाबून केलेली फळी. तिला पाणी लागलं की कडा फुगतात, आणि एकदा फुगल्या की परत बसत नाहीत. जून ते सप्टेंबर आपल्याकडे कपडे घरात वाळत नाहीत, तिथे ती फळी कशी कोरडी राहणार? खाली ओल धरली की बुरशी आतल्या बाजूने वाढते आणि वरून काही दिसत नाही. नाकाला मात्र कळतं.

नीलमोहर

थोडी असहमत. ठाण्याला आमच्या फ्लॅटमध्ये बेडरूमला लॅमिनेटच आहे. बरीच वर्षं झाली, एकही पट्टी उचललेली नाही. माझ्या मुलालाही धुळीची ॲलर्जी आहे आणि पुसायला ते टाइल्सइतकंच सोपं पडतं. सरसकट वाईट म्हणू नये.

जांभाचिरा

नीलमोहर, तुम्ही कितव्या मजल्यावर?

नीलमोहर

नवव्या :)

जांभाचिरा

तोच मुद्दा आहे. नवव्या मजल्याच्या स्लॅबखाली माती नसते, आठव्या मजल्यावरचं घर असतं. पागोळींच्या घराखाली भिजलेली जमीन आहे.

चहाबिस्किट

सासरे कोटा म्हणतात ना? मग कोटाच घाला. घरातली शांतता दम्यालाही चांगली.

डॉ_खडीसाखर

बालरोगतज्ज्ञ आहे, रोज असे पालक भेटतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माइट्स म्हणजे पाव-एक मिलिमीटरचे आठ पायांचे जीव. ते चावत नाहीत. आपल्या त्वचेचे गळलेले कण खातात आणि हवेतली आर्द्रता अंगावाटे शोषून जगतात. हवेची सापेक्ष आर्द्रता सतत ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर ते सुकून मरतात. ७०-८० टक्क्यांत त्यांचं फावतं, आणि कोकणातला जुलै त्याच्याही वर असतो. ॲलर्जी होते ती मुख्यतः त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांमुळे. हे कण तुलनेने जड असतात. झाडलोट केली, गादी आपटली की वर उडतात आणि थोड्या वेळाने पुन्हा खाली बसतात.

आता महत्त्वाचं. माइट्सचं खरं घर म्हणजे गादी, उशी, पांघरूण, सोफा आणि मऊ खेळणी. गुळगुळीत कठीण फरशीवर त्यांना खायला आणि लपायला फारसं काही नसतं. त्यामुळे कोटा की व्हिट्रिफाइड, या प्रश्नाने मुलीच्या खोकल्यात मोठा फरक पडणार नाही. फरक पडेल तो कठीण, पुसता येणारी, कोरडी राहणारी फरशी आणि ओल धरणारी फरशी यांतल्या निवडीने.

आणखी एक, प्रामाणिकपणे सांगायला हवं. माइट्स कमी करण्याच्या उपायांवरच्या चाचण्यांचा कॉक्रन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेचा आढावा २००८ मध्ये आला, त्यात असे उपाय केल्याने दम्यात ठळक सुधारणा दिसली नव्हती. मी त्याचा अर्थ असा घेतो की एखाद-दुसरा उपाय करून भागत नाही. गाद्यांची खोळ, गरम पाण्यात धुणं, ओल, झुरळं हे सगळं मिळून करावं लागतं. आणि रोजचा प्रतिबंधक पंप नवी फरशी बसली म्हणून बंद करायचा नाही. हे वाक्य कृपया सासू-सासऱ्यांनाही वाचून दाखवा.

पागोळी

डॉक्टर, खूप आभार. वाचून दाखवलं. खोळीबद्दल जरा सांगाल का? गाद्या कापसाच्या आहेत, दर दोन-तीन वर्षांनी पिंजून घेतो.

डॉ_खडीसाखर

पिंजण्याचं काम घराच्या आवारात नको, आणि मुलगी आसपास असताना तर नकोच. तिच्या गादीला आणि उशीला चारी बाजूंनी बंद होणारी, चेनची, घट्ट विणीची खोळ घाला. चादरी-अभ्रे आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुवा. नुसत्या कडक उन्हाने माइट्स मरतात, पण त्यांची घाण कापडात तशीच राहते. ती धुऊनच जाते.

मिनेसोटा_मावशी

आमच्याकडे अमेरिकेत उलटा प्रकार. घर घेतलं तेव्हा भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट होतं. धाकट्याला शिंका, डोळे लाल. इथला हिवाळा असा की घरातली हवा हीटिंगने पार कोरडी पडते, त्यामुळे इथे माइट्सपेक्षा मांजरं जास्त त्रास देतात. आधीच्या मालकांकडे दोन मांजरं होती. मांजराच्या लाळेतलं आणि त्वचेतलं प्रथिन फार चिकट असतं. मांजर गेलं तरी कार्पेटमध्ये ते महिनोन् महिने टिकतं. बेडरूममधलं कार्पेट उपटून खाली कठीण फरशी केली, तेव्हा फरक जाणवला.

तेव्हा पागोळी, फरशी गार लागते म्हणून कुणी गालिचा सुचवला तर ठाम नाही म्हणा. पायाला ऊब हवी तर धुता येईल अशी सुती सतरंजी घाला.

थापीरंधा

माझं बांधकामाचं काम आहे, चिपळूण-संगमेश्वर पट्ट्यात. सगळे फरशीवर बोलतायत, मी फरशीखालच्या जमिनीबद्दल बोलतो, कारण खर्च आणि लक्ष तिथे द्यायला हवं.

जुन्या चिऱ्याच्या घरात जमिनीत ओल अडवणारा थर नसतो. माती पाणी वर ओढते, आणि भिंतीचा जांभाही ओढतो. शेणाची जमीन हे पाणी हवेत सोडून देत असे. वर फरशी आणि सिमेंट घातलं की ते कडेला सरकतं आणि भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांत दिसायला लागतं. रंगाचे पोपडे निघतात, पांढरा लोणा (क्षारांचा थर) येतो, कपाटामागे बुरशी धरते. ज्या घरात मुलाला बुरशीची ॲलर्जी आहे तिथे हे चालणार नाही.

म्हणून क्रम असा. आधी बाहेरचं पाणी. छपरावरून गळणारं पाणी जोत्याशी साचतं का बघा. जोत्याभोवती उतार देऊन दगडी किंवा काँक्रीटचा पट्टा करा, पन्हळ लावून पाणी लांब न्या. मग आतली जुनी जमीन उकरा, वाळवीचं औषध मारून घ्या, मुरूम घालून चोपा, दगडी सोलिंग (दगडांचा थर) करा, बारीक खडी-वाळूने सपाट करा. त्यावर २५० मायक्रॉनचा जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरा. सांध्यावर कागद एकमेकांवर चांगला वीतभर चढवा, टेप लावा आणि भिंतीकडे थोडा वर वळवा. त्यावर चार इंच काँक्रीट. प्लॅस्टिकचा कागद फार महाग नसतो, तरी दहातली नऊ घरं तो घालत नाहीत.

मग वर काय हवं ते घाला. फक्त लाकूड आणि व्हिनाइल नको.

सोनचाफा

व्हिनाइल का नको? आजकाल सगळीकडे त्याचीच जाहिरात दिसते, वॉटरप्रूफ म्हणून. आमच्याकडे दुरुस्तीला तेच घालायचं चाललंय.

उत्तरायण

मी गोथेनबर्गला असतो, म्हणून यात थोडी भर घालतो. स्वीडनमध्ये व्हिनाइलच्या म्हणजे पीव्हीसीच्या फरश्यांवर बराच अभ्यास झालाय. पीव्हीसी लवचीक राहावं म्हणून त्यात थॅलेट्स नावाची द्रव्यं घालत, ती हळूहळू घरातल्या धुळीत उतरतात. २००४ साली आलेल्या एका स्वीडिश अभ्यासात मुलांच्या खोल्यांतल्या धुळीत काही थॅलेट्सचं प्रमाण जास्त असणं आणि दमा, नाकाची ॲलर्जी, एक्झिमा असणं यांत संबंध दिसला. यावरून व्हिनाइलमुळेच दमा होतो असं सिद्ध होत नाही, पण आधीच दमा असलेल्या मुलीच्या खोलीत ते का घ्यावं?

दुसरं म्हणजे, व्हिनाइल स्वतः वॉटरप्रूफ आहे, खालची जमीन नाही. ओल्या काँक्रीटवर चिकटवलं की खालचा गोंद आणि पीव्हीसीतली द्रव्यं काँक्रीटच्या अल्कलीने विघटित होतात आणि खोलीत एक उग्र वास राहतो. इथे जुन्या शाळा-कचेऱ्यांतून याच कारणाने अशा फरश्या उखडल्यात. आता थॅलेटविरहित व्हिनाइल मिळतं, तसं लेखी घेतल्याशिवाय विकत घेऊ नका.

लॅमिनेटच्या फळीतल्या गोंदाबद्दलही तेच. त्यातून फॉर्मल्डिहाइड सुटतं. २००४ मध्येच आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. दम्यासाठी तो वास नाका-घशाला झोंबतो हेच पुरेसं आहे. ई-वन किंवा ई-झिरो असं लिहिलेलं असेल तर प्रमाण कमी असतं. हा नियम कपाटांच्या प्लायवुडलाही लावा. फरशी शुद्ध आणि भिंतभर स्वस्तातली कपाटं, असं व्हायला नको.

सोनचाफा

हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. दुकानदाराला विचारते. थँक्यू!

रानजाई

सगळ्यांचं वाचतेय, पण शेणाच्या जमिनीला इतक्या सहज निरोप देऊ नये असं मला मनापासून वाटतं. आजोळी आम्ही तसल्याच जमिनीवर लोळत वाढलो, दमा कुणाला माहीत नव्हता. आणि आता तर संशोधकही म्हणतात की गोठ्यातल्या धुळीत वाढलेल्या मुलांना दमा कमी होतो. अमेरिकेतल्या आमिश आणि हटराइट या दोन शेतकरी पंथांतल्या मुलांची तुलना झाली होती ना? दोघांचं मूळ एकच, पण आमिश लोक गाई-घोड्यांच्या सान्निध्यात जुन्या पद्धतीने शेती करतात आणि त्यांच्या मुलांत दमा खूपच कमी. आपलं पारंपरिक ज्ञान सोडून टाइल्सच्या मागे का लागायचं?

डॉ_खडीसाखर

रानजाई, २०१६ चा तो अभ्यास खरा आहे आणि महत्त्वाचा आहे. पण तो सांगतो की लहानपणापासून गोठ्याच्या जंतूंशी संबंध आला तर दमा *होण्याची* शक्यता कमी होते. ज्या मुलीला आठव्या वर्षी दमा झालेलाच आहे, तिला त्याच धुळीत ठेवलं तर तो बरा होईल, असं तो सांगत नाही. शिवाय शेणाची जमीन आठ-पंधरा दिवसांनी सारवायची म्हणजे दर वेळी खोलीत ओल, आणि सुकल्यावर पायाखाली पापुद्रे उडणार. तुमच्या आजोळची जमीन मला आवडते, पण या मुलीच्या झोपायच्या खोलीत मी ती चालू देणार नाही.

रानजाई

झोपायच्या खोलीबद्दल मान्य. अंगणाबद्दल नाही! अंगण तरी सारवलेलं ठेवा, पागोळी.

डॉ_खडीसाखर

अंगणाला पूर्ण अनुमोदन. सारवताना आणि सुकेपर्यंत मुलगी लांब असावी, एवढंच.

उंबरठा

आता कोटा विरुद्ध व्हिट्रिफाइड. मी दोन्ही घरांत राहिलोय.

कोटा हा राजस्थानातला चुनखडक. आपली शहाबादीही चुनखडकच, ती गुलबर्ग्याच्या बाजूची. दोन्ही टणक आणि दुरुस्तीला सोप्या. कोटा घासून पुन्हा पॉलिश करता येतो, ही त्याची मोठी जमेची बाजू. टाइल फुटली की फेकावी लागते. पण चुनखडक थोडं पाणी आणि तेल पितो आणि त्याला आम्ल सहन होत नाही. लिंबू, व्हिनेगर, संडास साफ करायचं ॲसिड, यांतलं काहीही सांडलं की चकाकी जाऊन पांढरट डाग राहतो.

व्हिट्रिफाइडचं पाणी शोषणं अर्ध्या टक्क्याहून कमी, म्हणजे जवळपास नाहीच. मोरबीच्या कारखान्यांमुळे हव्या त्या दराची मिळते. मात्र सिरॅमिक आणि व्हिट्रिफाइड यांत दुकानात गल्लत होते, खोक्यावर छापलेलं पाणी शोषण्याचं प्रमाण वाचून घ्या. चकचकीत टाइल ओली झाली की सासूबाईंसाठी धोका. मॅट घ्या, आणि घसरणीचा आर-दहा दर्जा मागा. त्याहून खरखरीत नको, मळ धरते आणि पुसणाऱ्याचे हात दुखतात.

सांधे हा खरा प्रश्न. टाइल धूळ धरत नाही, सांधा धरतो. साधं सिमेंटचं ग्राउट (सांध्यात भरायचा लगदा) पाणी पितं, काळं पडतं, पुढे भुगा होतो. इपॉक्सी (पाणी न पिणाऱ्या रेझिनचं) ग्राउट भरा, निदान मुलीची खोली, स्वयंपाकघर आणि मोरी इथे तरी.

तिठा

एक विचारू का? आमच्या खेडच्या घरात पाऊस सुरू व्हायच्या सुमारास टाइल्सना घाम सुटतो. फरशी ओलीचिंब. ही जमिनीतली ओल की दुसरं काही?

थापीरंधा

दोन्ही असू शकतं, ओळखायची सोपी रीत आहे. साधारण हातभर लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा फरशीवर ठेवा, चारी बाजू टेपने हवाबंद करा आणि रात्रभर, सोळा तास तरी राहू द्या. थेंब प्लॅस्टिकच्या खाली आले तर पाणी जमिनीतून येतंय. वरच्या बाजूला आले तर ती हवेतली वाफ गार फरशीवर बसतेय. वाफेला फरशी बदलून उपयोग नाही. अशा दमट दिवसांत खिडक्या मिटून घ्या, पंखा लावा, जमलं तर आर्द्रता शोषणारं यंत्र किंवा एसी थोडा वेळ चालवा.

पागोळी, जुना कोबा उकरण्याआधी त्यावरही हे करून बघा.

पागोळी

करून बघते. सगळ्यांचं वाचून लॅमिनेट रद्द झालंच आहे.

कोरडीविहीर

लाल कोब्याचं कुणी नावच काढलं नाही! ऑक्साइड घालून घोटलेला तो कोबा, एक सांधा नाही, धुळीला शिरायला जागा नाही. ज्यांचा आग्रह सांधा नको असा आहे त्यांना याहून चांगलं काय सापडणार? माझ्या माहेरी दादरला तर रंगीत नक्षीच्या सिमेंटच्या टाइल्स होत्या. १९२२ साली मुंबईत सुरू झालेल्या भारत फ्लोअरिंग्जने परदेशी टाइल्सना तोडीस तोड म्हणून त्या केल्या. भट्टी नाही, दाबून आकार द्यायचा आणि पाण्यात मुरवायचं. त्या टाइल्स अजून तशाच आहेत.

थापीरंधा

लाल कोबा मलाही प्रिय आहे. पण तो घोटणारे हात आता आमच्या भागात फार थोडे उरलेत. घोटणं जमलं नाही की केसासारख्या भेगा पडतात आणि तुम्ही म्हणता तो सांधा नसल्याचा फायदा जातो. कारागीर मिळाला तर आधी ओटीवर करून बघा, मुलीच्या खोलीत नको.

उत्तरायण

अवांतर: टाइल्स, कोटा, ग्रॅनाइट कोरड्या कटरने कापू देऊ नका. त्या धुळीत सिलिका असते, फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. किचनच्या ओट्यांसाठी जो कृत्रिम दगड वापरतात, त्यावर ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून बंदी घातली, ती कामगारांच्या याच आजारामुळे. पाणी सोडत कापा, आणि कापणाऱ्याला चांगला मास्क द्या. त्याच्याही घरी मुलं असतात.

थापीरंधा

शंभर टक्के सहमत. हे अवांतर नाही. पागोळी, काम चालू असताना मुलीला तिकडे आणू नका, आणि काम झाल्यावर सगळं घर दोनदा ओल्या फडक्याने पुसून मगच सामान लावा.

नीलमोहर

झाडूवरही बोला कुणीतरी. आमच्याकडे कोरडा झाडू बंद केला, तेव्हा मुलाच्या सकाळच्या शिंका कमी झाल्या. फरशी तीच. आधी ओलसर मॉप, मग कोरडा. फिनेलचा उग्र वास मुलाला सोसत नाही, म्हणून पाण्यात थोडासा साबण. मच्छर कॉइल आणि उदबत्तीही त्याच्या खोलीत बंद.

डॉ_खडीसाखर

नीलमोहर, हे सोन्यासारखं लिहिलंत. कॉइल आणि उदबत्तीचा धूर दम्याच्या मुलांना फार त्रास देतो, मच्छरदाणी लावा. आणि मोरी धुताना ब्लीच आणि ॲसिड कधीही एकत्र करू नका, क्लोरीन वायू सुटतो. त्याने दम्याचा मोठा झटका येऊ शकतो.

जांभाचिरा

झुरळांचं राहिलं. चाचणीत तेही आलंय ना? फरशी आणि भिंत यांच्या मधली फट स्कर्टिंगच्या (भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीच्या) वरून सिलिकॉनने बुजवा. मोरीच्या ट्रॅपला झाकणाची जाळी लावा. स्वयंपाकघरात फरशी ओट्याखाली पूर्ण भिंतीपर्यंत न्या. गवंडी म्हणतो, दिसत नाही, कशाला घालायची? तिथेच झुरळं राहतात.

पागोळी

कालच गावाहून आले. जुन्या कोब्यावर प्लॅस्टिक लावलं होतं, खालून थेंबच थेंब! डिसेंबरात ही गत, तर जुलैत काय असेल. थापीरंधा, तुम्ही म्हणता तसं सगळं उकरून कागद घालायचं नक्की केलं.

वर झोपायच्या खोल्यांना आणि माजघराला मॅट व्हिट्रिफाइड, इपॉक्सी सांध्यांसह. ओटीवरची शहाबादी चांगली आहे, ती तशीच ठेवणार. सासऱ्यांचा कोटा पडवीत आणि न्हाणीघराच्या वाटेवर, खरखरीत बाजू वर ठेवून. ते खूश आहेत. अंगण सारवलेलंच राहणार, रानजाई. गाद्यांच्या खोळी मागवल्या.

एक शेवटचं. काँक्रीट झाल्यावर टाइल्स कधी घालायच्या? कंत्राटदार म्हणतो आठवड्याभरात.

थापीरंधा

आठवड्यात तर पाणी मारणंच पुरं होत नाही. काँक्रीट पूर्ण सुकायला ढोबळमानाने इंचाला एक महिना धरतात. टाइल्सना तेवढं थांबायची गरज नाही, लाकूड असतं तर चार महिने थांबावं लागलं असतं. तुम्ही महिनाभर थांबा. जानेवारीत काँक्रीट झालं तर फेब्रुवारीच्या मध्याला टाइल्स घाला. चिकटवायला टाइल ॲडहेसिव्ह वापरा, पूर्ण पाठीला लावून, नुसते चार गोळे ठेवून नाही. बसवल्यावर प्रत्येक टाइल नाण्याने वाजवून बघा, पोकळ वाजली तर त्याच दिवशी काढायला लावा. इपॉक्सी सगळ्यात शेवटी, सांधे ब्रशने साफ करून. मार्च-एप्रिलच्या उन्हात दारं-खिडक्या उघड्या ठेवून घर तापू द्या, मगच कपाटं लावा.

पागोळी

लिहून घेतलं. कंत्राटदाराला उद्याच फोन करते.